मुराळी येण्याआधी

प्रिय शैला,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील. रोज फोनवर बोलणारी अव्वा पत्र कशाला लिहिते, असं म्हणशील. आधी सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत. अप्पा जेवतात, हसतात, सकाळी अंघोळ करून लिंगपूजा करतात आणि फोन वाजला की क्रेनवर चढतात. मला भीती आहे ती त्या चढण्याचीच. पण ही गोष्ट फोनवर बोलता येत नाही. आपला फोन म्हणजे धंद्याचा फोन. तुझ्याशी बोलत असले तरी अप्पा स्पीकर लावून शेजारी बसतात, न जाणो मध्येच कुणाची गाडी खड्ड्यात गेल्याचा कॉल आला तर. मग मी तुझ्या पायांची सूज विचारते, तू माझ्या गुडघ्यांचं विचारतेस आणि आपण फोन ठेवतो.

सरळच लिहिते, कारण आडवळणानं लिहायला गेले तर मीच भिऊन मध्ये थांबेन. तुझ्या अप्पांची नजर गेली आहे. पार अंधार झालेला नाही. उजेड कळतो, कडेचं काही हललं तर कळतं, समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळतं. पण कोण उभं आहे ते आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. असा माणूस औराद ते बीदरच्या रस्त्यावर क्रेन चालवतो, नाल्यात पडलेले टेम्पो बाहेर ओढतो, आणि गावात कुणाला याचा पत्ता नाही. मला आहे. त्यांना स्वतःला तर आहेच. पण ते माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांच्याशी बोलत नाही. समोरासमोर बसून जेवतो, भाजीत मीठ कमी पडलं यावर भांडतो आणि ही एवढी गोष्ट तशीच मध्ये ठेवून ताटं उचलतो.

सुरुवात कधी झाली ते मला उशिरा कळलं. तू लहान होतीस तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसून तू आणि अप्पा गाड्यांचे नंबर वाचायचात. धुळीतून येणारी गाडी बीदरची की लातूरची की तेलंगणातली, ते तुझ्याआधी सांगायचे आणि तू रडायचीस. दोनेक वर्षांमागे कॉलवर गेलो की ते मलाच म्हणायला लागले, महानंदा, नंबर वाच बघू, पोलिसाला कळवायचाय. हाताखालची माणसं टिकत नाहीत म्हणून मीच पदर खोचून क्रेनच्या तारेचा आकडा गाडीला अडकवायला जायला लागले होते. मला वाटलं, नवरा आता मला भागीदार मानायला लागला! मी आपली खुशीत, खणखणीत आवाजात नंबर वाचायची. सकाळचा पेपरही असाच माझ्याकडे आला. म्हणाले, तूच वाच, तुझा आवाज चांगलाय. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या आवाजाला 'हळू' याशिवाय दुसरा शब्द मिळाला नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण कौतुक कुणाला नको असतं?

मग तो टेम्पो झाला. आमचं काम कसं चालतं ते तू लांबून बघितलंस, जवळून नाही. अप्पा क्रेनवर, मी खाली आकड्यापाशी. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू जात नाही म्हणून सगळं हातांनी चालतं. बोट फिरवलं की तार ओढायची, पंजा खाली दाबला की सैल सोडायची, आणि मूठ वर केली की जिथं आहे तिथं थांबायचं. तुझे आजोबा शिवय्या ट्रॅक्टर आणि साखळीवर हा धंदा करायचे तेव्हापासून हेच चालत आलंय. खालच्या माणसाची मूठ बघितल्यावर वरच्यानं श्वाससुद्धा घ्यायचा नाही, असं ते म्हणायचे.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. संतपूरच्या अलीकडे पोत्यांनी भरलेला टेम्पो नाल्यात कलंडला होता. भर दुपार, लख्ख ऊन. मी आकडा लावला, छोट्या पुलाच्या कठड्यापाशी सरकले आणि बोट फिरवलं. टेम्पो वर यायला लागला आणि त्याचं मागचं अंग एकदम माझ्याकडे वळलं. मागे दगडी कठडा, पुढे टेम्पो. मी मूठ वर केली. अप्पा माझ्याकडेच बघत होते शैला, सरळ माझ्या तोंडाकडे. आणि तार ओढतच होते. मी अशी किंचाळले की नाल्यापलीकडे तुरीत खुरपणारी बाई उठून उभी राहिली. तेव्हा क्रेन थांबली. माझा पदर टेम्पोच्या फळीत आणि दगडात चेपला होता. अप्पा उतरून धावत आले आणि माझ्यावरच ओरडले, 'मूठ कामून दाखवली न्हाईस? जीव जड झालाय व्हय तुला?' माझा हात अजून वरच होता. मूठ वळलेली, त्यांच्या नाकासमोर. मग हळूच हात खाली घेतला आणि म्हटलं, इसरले. तू पंचमीला घेतलेली अंजिरी साडी होती ती. पदर फाडूनच सुटावं लागलं, आता त्याला दुसरा काठ लावून बघणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून शिट्टी आणली. एक फुंकर म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ. हे नवीन काय, असं अप्पांनी विचारलं नाही. जो माणूस मी चहाची भांडी बदलली तरी चार प्रश्न विचारतो, त्यानं शिट्टीबद्दल एकही विचारला नाही, तेव्हा माझी उरलीसुरली शंका फिटली. रस्त्यावरचे लोक हसतात. विरुपाक्ष अण्णांची बायको कवायतीची मास्तरीण झाली म्हणतात. हसू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी पण हसते आणि फुंकते.

गाडीत तर याहून मोठं नाटक. मी शेजारी बसते आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवते. 'थांबा' म्हणायचं नाही, 'डावीकडं घ्या' म्हणायचं नाही, त्यांना ते लागतं. म्हणून मी म्हणते, अगं बाई, हरिबाच्या म्हशी बघा कशा रस्ताभर पसरल्यात! मग गाडी हळू होते आणि ते म्हणतात, 'दिसायलंय मला.' मी म्हणते, या ट्रकवाल्याला काही लाज, उजवीकडून कसा अंगावर येतोय बघा. ते म्हणतात, 'दिसायलंय मला.' असं घरापासून कामापर्यंत आणि कामापासून घरापर्यंत. दिवाळीला अमरनाथ जावईबापू मागे बसून हसत होते, अत्ती, आमच्या सासूबाई म्हणजे रेडिओ, बंद करायचं बटणच नाही म्हणून. आणि तू मला झापलंस. 'अव्वा, अप्पांना शांतपणे गाडी चालवू दे की.' जावयासमोर बोललीस म्हणून मला राग आला आणि मी तोंड बंद केलं. त्यानंतर हळ्ळीखेडच्या पुढे अप्पांनी कचकन ब्रेक मारला होता, आठवतं? उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. तुम्ही सगळ्यांनी त्या ट्रॉलीवाल्याला शिव्या दिल्यात. ती ट्रॉली मला कितीतरी लांबून दिसत होती शैला. मी रुसून बसले होते, एवढंच. शेवटच्या घटकेला माझ्या तोंडून 'अय्यो' निघालं म्हणून आपण आज आहोत. तेव्हा तुला दिवस गेलेत हे तुलाही ठाऊक नव्हतं. हा हिशेब मी नंतर बोटांवर घातला.

यानंतर तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मागच्या बाजाराच्या दिवशी औरादमध्ये गर्दीतून क्रेन काढत होतो. मी उजवीकडच्या मोटरसायकली सांभाळत होते आणि डावीकडून खर्रकन आवाज आला. अप्पांनी विचारलं, 'काय लागलं गं?' मी मागे वळून बघितलं. एक म्हातारी रस्त्यात बसली होती, तिची बुट्टी आडवी, वांगी सगळीकडे. ती उठेपर्यंत मी श्वास घेतला नाही. उठली, लुगडं झटकलं, आमच्याकडे बघून हात हलवून काहीतरी बोलली. मी अप्पांना म्हटलं, फांदी लागली. नंतर जाऊन तिला शोधलं, पाय धरल्यासारखं बोलले, तर तीच मला म्हणाली, 'असू दे बाय, गर्दीच लई हुती.' आता फोन वाजला की उचलायची हिंमत होत नाही. आजवर लोकांच्या चेंदामेंदा झालेल्या गाड्या आपण ओढून आणल्या. कुणाच्या गाडीत चप्पल सापडायची, कुणाच्या गाडीत बाळाचं टोपडं. मी ते उचलून बाजूला ठेवायची आणि कामाला लागायची, सवय झाली होती. आता ते टोपडंच डोळ्यांपुढून जात नाही. सारखं वाटतं, पुढचा कॉल आपल्याच गाडीचा असेल आणि ती उचलायला उदगीरहून दुसरी क्रेन मागवावी लागेल.

माझ्याबरोबर शाळेत असलेली पंचशीला उदगीरला डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला मी दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं, लांबच्या एका काकाचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'विरुपाक्ष दादाला कधी आणायलीस ते बोल.' मला रडूच आलं. तिनं समजावून सांगितलं. अप्पांना साखर आहेच, त्या रक्तातल्या साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा खराब होतो. गेलं ते परत येईलच असं डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. पण लेझर आणि इंजेक्शनं वेळेवर सुरू केली तर जेवढं उरलंय तेवढं बहुतेक राखता येतं. उशीर केला तर तेही हातचं जाईल. तपासल्याशिवाय पुढचं काही बोलणार नाही म्हणाली, आणि मला बसस्टँडपर्यंत सोडायला आली.

त्या संध्याकाळी जेवताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं बोलले. उदगीरला जाऊन डोळे दाखवू, एवढंच. अप्पांनी भाकरी कुस्करली. मग म्हणाले, 'क्रेनवरून उतरून काय करू? दारात बसून आल्या-गेल्याला कोण हाय, कोण हाय म्हणून इचारत बसू?' आणि ताट तसंच सोडून उठले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनाही भीती वाटते गं. सकाळी पूजा झाली की ते भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभे राहतात. एक डोळा हातानं झाकतात, मग दुसरा झाकतात. एक पाऊल पुढे जातात, परत झाकतात. मी ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी वाजवत राहते, म्हणजे मी बघत नाही असं त्यांना वाटावं. अलीकडे ते कॅलेंडरला नाक लागेल इतके जवळ जातात.

आता सोमवारचं. तुझी ओटी भरायची आणि बाळंतपणाला तुला इकडं आणायचं. जावईबापू किती समजूतदारपणे म्हणाले होते, मीच आणून सोडतो म्हणून. अप्पा फोनवर काय बोलले ते तू ऐकलंसच. 'पहिल्या खेपेला माहेरी न्यायला मुराळी म्हणून बापच येतंय. माझी लेक दुसऱ्याच्या गाडीत कामून येईल?' तुझ्या सासूबाईंना ते फार आवडलं, बाप असावा तर असा म्हणाल्या. तेव्हापासून अप्पा जीप धुतायत. हातानं चाचपून चाचपून धुतात. तुझ्यासाठी मागच्या सीटवर गादी बांधायचा हुकूम झाला. ती मी बांधली, गाठ सोडून पुन्हा पुन्हा बांधली. कलबुर्गीहून निघायचं, हुमनाबादचा तो चौक, पुढे उसाच्या ट्रॉल्या, बीदरची रहदारी, मग आपला रस्ता. आणि मागे तू, पोटात बाळ घेऊन. येतानाची सोय होईना म्हणून निदान जातानाची मी केली. मी अप्पांना सांगितलं, मुराळ्यानं ओटीचं ताट लेकीच्या दारापर्यंत मांडीवर धरायचं असतं, खाली टेकवायचं नाही, माझ्या माहेरचा रिवाज आहे. असा रिवाज कुठेच नाही, मी तो ओट्यापाशी उभ्या उभ्या रचला. रिवाज म्हटल्यावर अप्पा लगेच तयार झाले. तुझा चुलतभाऊ रविकुमार जीप चालवेल, अप्पा ताट धरून बसतील आणि मी मागे. पण येताना लेकीची गाडी मीच चालवणार, असं त्यांनी रविकुमारला आधीच बजावलंय. येतानासाठी मला रिवाज सुचेना. माझं एकटीचं असतं तर मी दोन वर्षं बसले तशी पुढेही बसले असते, जे होईल ते दोघांचं होईल म्हणून. पण त्या गाडीत तू असलीस तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. भीतीनं माझी जीभ टाळूला चिकटेल, आणि तुझ्या अप्पांना वाटेल रस्ता मोकळा आहे.

हे सगळं मी दुकानातल्या टेबलावर लिहिलं. चोरून नाही, अप्पा समोरच्या खुर्चीत बसले होते. 'काय लिवायलीस?' म्हणून विचारलं, तर म्हटलं, शैलाला, सोमवारी काय काय आणायचं ते. 'बघू,' म्हणाले आणि कागद हातात घेतले. त्यांनी चष्मा नीट केला, पान सरळ धरलं, ओळींवरून हळूहळू मान फिरवली. एक पान झालं, उलटलं, दुसरं धरलं. मला वाटलं, आता कळलं, आता सगळं फाडून टाकतील. आणि खरं सांगते, मी मनात म्हणत होते, वाचा हो. एक ओळ वाचा. फाडा, ओरडा, ताट फेका, पण वाचा. सगळी पानं संपवून ते हसले आणि म्हणाले, 'समदं बरूबर लिवलीस. तिळाच्या पोळीचं तेवढं राहिलं बघ.' मग पेन मागून घेतला आणि तुला आशीर्वाद लिहिला. पहिल्या पानावर माझ्या ओळींवर चढून तिरकी गेलेली ती मोठी अक्षरं त्यांची आहेत. आता ते बाहेर जीप पुसतायत. सोमवारी ओटी भरून झाली की त्यांना आतल्या खोलीत घेऊन जा. दार लाव, जावईबापूंनाही आत घेऊ नकोस, माझ्या माणसाची मान कुणासमोर खाली जायला नको. हे पत्र त्यांच्या हातात दे आणि म्हण, अप्पा, मला मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनी वाचलं तर खुशाल त्यांच्या गाडीत बस, मी मागे बसेन आणि घरी येईपर्यंत तोंड उघडणार नाही. नाही वाचता आलं, तर त्यांना जवळ घे आणि जीपची किल्ली माग. मला देणार नाहीत, तुला देतील.

तुझीच,
अव्वा